दस्तक

स्वतःविषयी बोलताना आम्ही 'आम्ही' म्हणतो, यात मोठेपणाचा आव नाही. ती घरची सवय आहे. आमच्या घरात अम्मीपासून धाकट्या भाच्यापर्यंत सगळे 'हम'च म्हणतात. 'हम सो गए थे', 'हमको नहीं मालूम'. उर्दू आम्ही कामठीला नानांकडे राहून शाळेत शिकलो आणि मराठी सुट्टीत पारशिवनीच्या गल्लीत. त्या गल्लीत खेळताना मराठीतही तसेच बोलायचो आणि सोबतची पोरे हसायची. "तू त एकटाच हायेस ना बे, मंग हे 'आमी' कोन?" उत्तर सुचायचे नाही. आम्हीही हसून घ्यायचो.

आता वय पस्तिशीच्या पुढे गेले. बी.एड. झालो. कामठीकडच्या एका उर्दू माध्यमाच्या शाळेत इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवतो आणि पारशिवनीहून रोज एसटीने जातो-येतो. दरवर्षी २६ नोव्हेंबरला शाळेच्या मैदानात संविधानाची उद्देशिका म्हटली जाते. मराठी शाळांत ती 'आम्ही' या शब्दाने सुरू होते, आमच्याकडे 'हम भारत के अवाम' अशी. एवढी पोरे एका सुरात 'हम' म्हणतात तेव्हा गल्लीतला तो जुना प्रश्न हटकून आठवतो. हे 'हम' कोण?

दोन वर्षांपूर्वीच्या संविधान दिनानंतरची गोष्ट. सातवीच्या वर्गात आम्ही नेहमीची यादी फळ्यावर लिहीत होतो. संसदीय पद्धत इंग्लंडकडून, मूलभूत हक्क अमेरिकेकडून, मार्गदर्शक तत्त्वे आयर्लंडकडून. ही यादी पोरांना पाठ करायला सोपी आणि आम्हाला तपासायला सोपी. खिडकीजवळ बसणारी एक मुलगी उभी राहिली. म्हणाली, "सर, सब बाहर से आया, तो हमारे लोगों ने क्या किया? हमारा कोई था वहाँ?"

आम्ही सवयीने मौलाना आझादांचे नाव सांगितले.

"वो तो बहुत बड़े आदमी थे सर. हमारे इलाके का कोई?"

वर्ग आमच्याकडे पाहत राहिला. बी.एड.ला एक गोष्ट चांगली शिकवतात. माहीत नसेल तर दडपून सांगू नये, उद्या सांगतो म्हणावे. आम्ही "कल बताएँगे" म्हणालो. तो 'उद्या' यायला महिना लागला.

संविधान सभेतली सगळी भाषणे आता मोबाईलवर वाचायला मिळतात. पारशिवनी ते कन्हान एसटीच्या खिडकीशी बसून आम्ही ती वाचू लागलो. आधी हिशोब समजून घेतला. आपला मुलूख तेव्हा मध्यप्रांत व वऱ्हाड या नावाचा प्रांत होता आणि नागपूर त्याची राजधानी. १९४६च्या कॅबिनेट मिशनच्या योजनेप्रमाणे साधारण दहा लाख लोकांमागे एक जागा, आणि आमदारांनी आपापल्या जमातीचे प्रतिनिधी निवडायचे. आपल्या प्रांताच्या वाट्याला सतरा जागा आल्या. त्यांतल्या सोळा सर्वसाधारण आणि मुसलमानांची फक्त एक. जबलपूरपासून बुलढाण्यापर्यंतच्या सगळ्या मुसलमानांच्या वतीने एक माणूस. ती जागा काझी सय्यद करीमुद्दीन यांच्याकडे होती. मुस्लिम लीगमधून आलेले, पण फाळणीनंतर इथेच राहिलेले.

हे नाव आम्ही त्याआधी ऐकले नव्हते. इतिहासाचे शिक्षक असूनही ऐकले नव्हते, आणि आपल्याच प्रांतातले असूनही. याची लाज वाटली.

वाटले, एकटा मुसलमान प्रतिनिधी, तोही लीगचा, वर्ष १९४८. फाळणीच्या जखमा ओल्या, हैदराबादची कारवाई सप्टेंबरातच होऊन गेलेली. हा माणूस मागून मागून काय मागणार? मुसलमानांसाठी काही तरी. मतदारसंघ, नोकऱ्या, भाषा. अशा मागण्या त्या सभागृहात झाल्याच आणि त्या करण्यात काही गैर नव्हते. पण डिसेंबर १९४८च्या पहिल्या आठवड्यात काझीसाहेब उभे राहिले ते एका वेगळ्याच दुरुस्तीसाठी. लोकांची शरीरे, त्यांची घरे, त्यांचे कागदपत्र आणि त्यांच्या चीजवस्तू यांची विनाकारण झडती किंवा जप्ती होणार नाही, हा हक्क संविधानात लिहा. वॉरंट निघाले तर ते शपथेवर सांगितलेल्या सबळ कारणानेच निघावे, आणि कोणत्या जागेची झडती व कोणती माणसे, कोणत्या वस्तू ताब्यात घ्यायच्या हे त्यात स्पष्ट लिहिलेले असावे.

लिहिले होते 'लोक'. मुसलमान नव्हे, अल्पसंख्याक नव्हे.

ते वाचत असताना गाडी कन्हानच्या पुलावर आली होती. आम्ही मोबाईल खिशात ठेवला आणि बराच वेळ नदीकडे पाहत राहिलो. कारण त्या दुरुस्तीतल्या 'कागदपत्र' या शब्दाशी आमची एक जुनी ओळख होती.

बी.एड.च्या वर्षी आम्ही तिघे मित्र एका शहरात भाड्याच्या खोलीत राहत होतो. शहर कोणते ते सांगून आता उपयोग नाही. एका रात्री दीड वाजता दार वाजले. त्याला दस्तक म्हणता येणार नाही. दस्तक देणारा थांबतो, आतल्या माणसाला उठायला वेळ देतो. इथे कडी निघेपर्यंत दार हादरत होते. पाच-सहा माणसे आत आली. ती कुणाला शोधत होती ते शेवटपर्यंत कळले नाही. त्यांनी कागद दाखवला नाही आणि दाखवा म्हणण्याची आमची हिंमत झाली नाही. गाद्या उलटल्या, पेट्या उपड्या केल्या, तांदळाच्या डब्यात हात घातला. मग त्यांच्यातल्या एकाला आमची पाठ टाचणाची वही सापडली. सराव पाठांसाठी लिहिलेले वीस पाठ, सगळे उर्दूत.

"इसमें क्या लिखा है?"

आम्ही सांगितले, भूगोलाचा पाठ आहे. जलचक्र. समुद्राच्या पाण्याची वाफ होते, वाफेचे ढग होतात, ढगांतून पाऊस पडतो.

त्याने पान उलटले. जलचक्राची आकृती होती. "और ये तीर काहे के हैं?"

बाण पाण्याचे होते, खालून वर जाणारे आणि वरून खाली येणारे. आम्ही तसे सांगितले. तो त्या बाणांकडे पाहत राहिला, मग वही पिशवीत टाकली आणि सगळे निघून गेले. कुणाला मारले नाही, कुणाला नेले नाही. अर्ध्या तासाचे काम. वही परत आली नाही. चौथ्या दिवशी घरमालक आले. भला माणूस होता, नजर वर करत नव्हता. "तुमचं काही नाही हो, पण लोकं बोलतात," म्हणाले, आणि महिनाअखेर खोली सोडायला सांगितली. वीस पाठ आम्ही पुन्हा लिहिले. जलचक्राची आकृती काढताना बाणाशी आलो की हात अडायचा.

ही गोष्ट आम्ही अब्बांना कधी सांगितली नाही. पारशिवनीत त्यांचे सायकल दुरुस्तीचे दुकान होते आणि घर दुकानाच्या मागेच. आमचे ते दार दिवसभर उघडे असायचे. शेजारच्या काकू उंबऱ्यातूनच "भाभी, हायेस का वं?" म्हणत थेट चुलीपाशी जायच्या. आमची अम्मी त्यांच्याकडे तशीच जायची. दाराची भीती वाटावी, असे त्या घरात काही घडलेच नव्हते. ते अब्बांच्या मनात आपण कशाला घालायचे, असे वाटले.

म्हणून काझीसाहेबांची ती दुरुस्ती वाचून आम्ही गप्प झालो. आमचा जन्म व्हायच्या कितीतरी आधी आपल्याच प्रांतातला एक माणूस दिल्लीत उभा राहून आमच्या वहीबद्दल बोलला होता.

दुरुस्तीचे शब्द त्यांनी बहुतांशी अमेरिकेच्या संविधानातून घेतले होते, चौथ्या दुरुस्तीमधून. मग ते शब्द तिथे कुठून आले, हे शोधणे भाग पडले. आम्ही फळ्यावर 'हक्क अमेरिकेकडून' असे लिहून मोकळे होतो. पण अमेरिकेला ते कुणी दिले?

अमेरिका इंग्रजांची वसाहत होती तेव्हाची हकीकत आहे. बोस्टनचे व्यापारी जकात चुकवून माल आणत. ते पकडण्यासाठी जकात अधिकाऱ्यांना एक परवाना मिळे. त्यावर कुणाचे नाव नसे, घराचा पत्ता नसे, संशयाचे कारण नसे. तो परवाना घेऊन अधिकाऱ्याने कोणत्याही घरात शिरावे, कोणतेही कोठार फोडावे. त्याची मुदत राजाच्या हयातीपुरती आणि वर सहा महिने. १७६०च्या ऑक्टोबरात राजा दुसरा जॉर्ज मेला आणि परवाने नव्याने काढण्याची वेळ आली. तेव्हा व्यापारी कोर्टात गेले. फेब्रुवारी १७६१मध्ये जेम्स ओटिस नावाच्या वकिलाने त्यांची बाजू मांडली. हा माणूस आधी सरकारी वकील होता, ते पद सोडून समोरच्या बाजूला उभा राहिला. त्याचे म्हणणे असे की, नाव नसलेला परवाना म्हणजे प्रत्येक शिपायाच्या हातात प्रत्येकाच्या घराची किल्ली. ती आज चोरासाठी वापरली जाईल, उद्या वैऱ्यासाठी. श्रोत्यांत जॉन ॲडम्स नावाचा तरुण वकील बसला होता, जो पुढे अमेरिकेचा दुसरा राष्ट्राध्यक्ष झाला. म्हातारपणी त्याने लिहून ठेवले की, स्वातंत्र्याची सुरुवात आपण त्या दिवशी त्या खोलीत पाहिली.

ओटिस मात्र तो खटला हरला. परवाने चालूच राहिले.

पंधरा वर्षांनी, ४ जुलै १७७६ला, वसाहतींनी स्वातंत्र्याचा जाहीरनामा काढला. माणसे समान जन्मतात आणि सरकार लोकांच्या संमतीने चालते, हे त्यातले मूळ तत्त्व. युद्ध जिंकले, पण तेरा राज्ये एकमेकांत भांडू लागली. मधले सरकार इतके दुबळे की त्याला कर बसवण्याचाही अधिकार नव्हता. म्हणून मे १७८७मध्ये फिलाडेल्फियात प्रतिनिधी जमले. ऱ्होड आयलंडने कुणाला पाठवलेच नाही. पंचावन्न माणसे आली. अध्यक्षस्थानी वॉशिंग्टन, टिपणे घ्यायला मॅडिसन, आणि एक्याऐंशी वर्षांचे फ्रँकलिन. आतले बाहेर सांगायचे नाही असे ठरले. चार महिन्यांच्या आत, १७ सप्टेंबरला, एकोणचाळीस जणांनी मसुद्यावर सह्या केल्या.

त्या मसुद्याच्या मुळाशी एक साधा अविश्वास आहे. माणूस फरिश्ता नाही. सत्ता हातात आली की तो बिघडू शकतो, मग तो राजा असो की लोकांनी निवडलेला. म्हणून कायदे करणारा वेगळा, ते राबवणारा वेगळा आणि न्याय करणारा वेगळा ठेवायचा, आणि तिघांनी एकमेकांना अडवायचे. आपल्याकडे हे तत्त्व जसेच्या तसे संविधानात लिहावे, अशी दुरुस्ती प्रा. के. टी. शहा यांनी १९४८मध्ये आणली, तेव्हा तिला पाठिंबा देणाऱ्यांत काझी करीमुद्दीन होते.

एवढे करूनही फिलाडेल्फियाच्या मसुद्यात नागरिकांच्या हक्कांची यादी नव्हती. व्हर्जिनियाच्या जॉर्ज मेसन यांनी त्यासाठी सही करायला नकार दिला. मग लोकांचा रेटा वाढला, मॅडिसननी १७८९मध्ये दुरुस्त्या मांडल्या, आणि १५ डिसेंबर १७९१ला त्यांतल्या दहा मंजूर झाल्या. चौथी होती घराच्या झडतीची. ओटिसची हरलेली मागणी तीस वर्षांनी देशाचा मूळ कायदा झाली.

हे पोरांना सांगायचे तर पुढचेही सांगायला हवे होते. 'आम्ही लोक' असे ज्या संविधानाच्या पहिल्या ओळीत लिहिले, त्यातल्या 'आम्ही'मध्ये गुलाम नव्हते. प्रतिनिधींची संख्या ठरवताना पाच गुलाम म्हणजे तीन माणसे, असा हिशोब त्याच मसुद्यात आहे. व्हर्जिनियात गुलामांच्या झोपड्यांत रात्री गस्तवाले शिरत, तेव्हा कुणी वॉरंट मागत नसे. गुलामी १८६५मध्ये गेली, स्त्रियांना देशभर मताचा हक्क १९२०मध्ये मिळाला. म्हणजे 'आम्ही' हा शब्द एकदा लिहून झाला की काम संपत नाही. बाहेर राहिलेल्यांना तो दार ठोठावून उघडावा लागतो.

दिल्लीत काय झाले ते आता सांगतो. काझीसाहेबांच्या दुरुस्तीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी उत्तर दिले. झडतीचे नियम फौजदारी प्रक्रिया संहितेत आहेतच, असे ते म्हणाले. पण तो साधा कायदा आहे, विधिमंडळ तो केव्हाही बदलू शकते. संविधानात लिहिले तर ते विधिमंडळाच्या हाताबाहेर जाईल, आणि तसे व्हावे हे इष्ट आहे. त्यांनी दुरुस्ती स्वीकारायची तयारी दाखवली. आम्ही ते पान दोनदा वाचले. लीगमधून आलेला काझी मागतो आहे आणि ज्यांना त्याच सभागृहात पोहोचायला इतका झगडा करावा लागला ते बाबासाहेब हो म्हणत आहेत. दोघांनाही ठाऊक असावे की बंद दाराचा अर्थ काय आणि फोडलेल्या दाराचा अर्थ काय.

पण बाबासाहेब हो म्हणाले तरी सभागृह म्हणाले नाही. त्या वेळी मतदानावरून गोंधळ झाला, निर्णय पुढे ढकलला गेला, आणि पुन्हा मताला आली तेव्हा दुरुस्ती नामंजूर झाली.

त्याच आठवड्यात काझीसाहेब दुसऱ्या एका दुरुस्तीसाठी पुन्हा उभे राहिले. मसुद्यात लिहिले होते की, कायद्याने ठरवलेल्या कार्यपद्धतीशिवाय कुणाचे जीवित किंवा स्वातंत्र्य हिरावले जाणार नाही. त्यांचे म्हणणे, हे पुरेसे नाही. कायदेमंडळाने वाईट पद्धत ठरवली तर कोर्ट फक्त एवढेच पाहील की ती पाळली की नाही. तिथे अमेरिकेसारखे शब्द हवेत, म्हणजे पद्धत मुळात न्याय्य आहे का हेही कोर्टाला पाहता येईल. गंमत अशी की, सभेने सुरुवातीला तेच अमेरिकन शब्द पत्करले होते. पण घटना सल्लागार बी. एन. राव अमेरिकेला जाऊन आले. तिथले न्यायमूर्ती फेलिक्स फ्रँकफर्टर यांनी त्यांना सांगितले की या शब्दांमुळे निवडून न आलेले न्यायाधीश निवडून आलेल्यांचे कायदे पाडतात. मग ते शब्द बदलले गेले. १३ डिसेंबर १९४८ला ही दुरुस्तीही हरली.

दोन हरलेल्या दुरुस्त्या. महिन्यानंतर वर्गात आम्ही एवढेच घेऊन गेलो. सगळी हकीकत सांगितली. ती मुलगी ऐकत होती. शेवटी म्हणाली, "मतलब सर, अपने वाले हार गए."

वर्ग हसला. आम्ही म्हणालो, थांबा.

हरलेल्या मागणीची किंमत देशाने पुढे चुकवली. १९५०मध्ये ए. के. गोपालन यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कार्यपद्धतीचा तोच अरुंद अर्थ घेतला, ज्याची काझीसाहेबांना भीती होती. १९५४मध्ये एम. पी. शर्मा खटल्यात आठ न्यायमूर्तींनी सांगितले की, झडतीवर अमेरिकेसारखी बंधने आपल्या संविधानकर्त्यांनी घातलेली नाहीत. १९७६मध्ये, आणीबाणीत, जबलपूरच्या प्रकरणात बहुमताने निर्णय आला की विनाचौकशी डांबलेल्या माणसाला कोर्टाचे दारही वाजवता येणार नाही. एकटे न्यायमूर्ती एच. आर. खन्ना विरोधात गेले. डांबलेल्यांत कोण नव्हते? समाजवादी होते, संघाचे होते, जमाते इस्लामीचे होते. नियम एकासाठी ढिला केला की तो सगळ्यांसाठी ढिला होतो.

मग वारे फिरले. २५ जानेवारी १९७८ला मनेका गांधी खटल्यात न्यायालयाने म्हटले की, कार्यपद्धती न्याय्य, उचित आणि वाजवी असलीच पाहिजे. तीस वर्षांपूर्वी समोरच्या दाराने नाकारलेली गोष्ट मागच्या दाराने आत आली. आणि २४ ऑगस्ट २०१७ला पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सांगितले आणि १९५४चे ते म्हणणे मोडीत काढले. त्या निकालात काझी सय्यद करीमुद्दीन यांच्या दुरुस्तीची चर्चा नावानिशी आहे. नऊ जणांत आपल्या नागपूरचे न्यायमूर्ती शरद बोबडे होते आणि न्यायमूर्ती अब्दुल नझीरही होते. एकोणसत्तर वर्षे लागली.

"ओटिस को तीस लगे थे," मागच्या बाकावरून एक मुलगा हिशोब करून म्हणाला.

कलम १९४८मध्येच लिहिले गेले असते तर आमची वही वाचली असती, असे आम्ही म्हणत नाही. त्या रात्रीही कायदा होताच. झडतीचे कारण लिहून ठेवायचे, मोहल्ल्यातले दोन पंच बोलवायचे, जप्त वस्तूंची यादी करून प्रत घरवाल्याला द्यायची, हे सगळे जुन्या संहितेत होते. जुलै २०२४पासून लागू झालेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेत झडतीचे चित्रीकरण करण्याचेही कलम आहे. पण हे मागायचे असते, हे आम्हा तिघा पदवीधरांना त्या रात्री सुचले नाही. आमच्या मोहल्ल्यात या गोष्टी कुणी शिकवत नाही. दाराला लोखंडी जाळी लावायला आम्ही शिकतो. आतल्या माणसाचा हक्क काय, हे नाही. आणि संविधान हे 'त्यांचे' आहे, आपल्याला त्यात सांभाळून राहायचे आहे, ही समजूत आपण घराघरात मुलांना पाजतो. काझीसाहेब तसे समजले असते तर गप्प बसले असते. १९४८मध्ये गप्प बसायला त्यांच्याइतकी कारणे कुणाकडे होती?

इथपर्यंत लिहून थांबता आले असते. पण एक गोष्ट राहिली आहे आणि ती आमच्याकडची आहे.

या प्रश्नाच्या वर्षभर आधी शाळेत एका शिक्षकाचा मोबाईल हरवला. संशय सहावीच्या वर्गावर आला आणि ते काम आमच्यावर आले. आम्ही दार लावून घेतले आणि एकामागून एक सगळ्यांची दप्तरे टेबलावर उपडी केली. कुणाला विचारले नाही, कारण सांगितले नाही. एका मुलीच्या दप्तरातून प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेली खिचडी निघाली, शाळेच्या पोषण आहारातली. घरी धाकट्या भावासाठी नेत असावी. वर्ग पाहत होता. तिने ती पिशवी उचलली आणि मुठीत धरून उभी राहिली. मोबाईल नंतर शिक्षकांच्या खोलीतच एका खणात सापडला.

तीच मुलगी सातवीत गेल्यावर खिडकीजवळ बसू लागली. 'हमारा कोई था वहाँ?' हे विचारणारी तीच.

हे आम्हाला तिच्या प्रश्नानंतर, काझीसाहेबांचे ते शब्द वाचताना जाणवले. वही घेऊन जाणाऱ्या माणसात आणि दप्तर उपडे करणाऱ्या आमच्यात फरक तो काय? त्याच्याकडे निदान रात्रीची ड्यूटी हे कारण असेल. आम्ही तर सूरह नूर पठण करणारे. दुसऱ्याच्या घरात इजाजत घेतल्याशिवाय आणि सलाम केल्याशिवाय शिरू नका, हा हुकूम आम्हाला लहानपणापासून माहीत. हजरत उमर यांच्याबद्दल एक रिवायत सांगितली जाते. रात्रीच्या गस्तीत एका घरातून आवाज आला म्हणून ते भिंत चढून आत गेले आणि आतल्या माणसाला गुन्हा करताना पकडले. तो म्हणाला, अमीरुल मोमिनीन, मी एक चूक केली, तुम्ही तीन केल्यात. पाळत ठेवलीत, भिंत चढून आलात, इजाजत न घेता आलात. खलिफांनी ते मान्य केले आणि परत गेले. ही रिवायत आम्ही अनेकदा अभिमानाने सांगितली आहे. दप्तरांच्या वेळी ती आठवली नाही. सत्ता हातात आली की माणूस फरिश्ता राहत नाही, हे फिलाडेल्फियावाल्यांचे म्हणणे पटायला आम्हाला अमेरिकेला जावे लागले नाही. सहावीच्या वर्गापर्यंत गेलो तेवढे पुरले.

त्या दिवशी हकीकत संपवल्यावर आम्ही वर्गाला ही दप्तरांची गोष्टही सांगितली. त्यांच्यापैकी बहुतेकांना ती आठवतच होती. आम्ही म्हणालो, ते चूक होते. वर्गात अशी शांतता यापूर्वी कधी पाहिली नव्हती. मग म्हणालो, आपल्या जमातीचा एक दस्तूर लिहू या. उर्दूत दस्तूर म्हणजे संविधान. मराठीत दस्तूर म्हणजे हस्ताक्षरही. दोन्ही अर्थांनी तो त्यांचाच असू दे.

पहिले कलम त्या मुलीने सांगितले. कुणाचे दप्तर त्याच्या इजाजतीशिवाय उघडायचे नाही. लगेच विरोध झाला. "और चोरी हुई तो?" "सर का मोबाईल गया तो?" अर्धा तास भांडण चालले. एक जण म्हणाला, मग चोर कधीच सापडणार नाही. दुसरा म्हणाला, त्या दिवशी तरी कुठे सापडला होता? शेवटी कलमाला जोड मिळाली. आधी कारण सांगायचे. कुणाचे दप्तर ते नाव घेऊन सांगायचे, सगळ्यांची एकदम नाही. वर्गातले दोघे शेजारी उभे राहतील. आणि दप्तर ज्याचे तोच आपल्या हाताने उघडेल. मत घेतले. चौतीस विरुद्ध सात. त्या सात जणांत वर्गाची मॉनिटर होती.

कागदावर सगळ्यांनी सह्या केल्या. शेवटी कागद आमच्यापुढे आला. मुलगी म्हणाली, "सर, आप भी. 'हम' में आप भी हैं ना?"

आम्ही सही केली. संध्याकाळी एसटीतून उतरून घरी आलो तर अब्बा अंगणात बसले होते. दुकान बंद होऊन आता काही वर्षे झाली, पण हवा भरायचा पंप अजून दाराशी असतो. कुणी पोरगा सायकल घेऊन आला तर विचारून हवा भरून घेतो. आम्ही त्यांच्याजवळ बसलो आणि इतक्या वर्षांनी त्यांना वहीची गोष्ट सांगितली. त्यांनी सगळे ऐकून घेतले. बाणांपाशी आले तेव्हा हसले. मग विचारले, "दोबारा लिखनी पड़ी होगी?"

"हाँ. पूरे बीस."

ते थोडा वेळ गप्प राहिले. तेवढ्यात काकूंनी उंबऱ्यातून हाक दिली आणि उत्तराची वाट न पाहता आत गेल्या.